बिऱ्हाडकरू की पाहुणा? : मोबाईलवरील अ‍ॅपचा एक प्रश्न



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी जेव्हा मला मोबाईलच्या अ‍ॅपविषयी बोलायला सांगितले, तेव्हा मी प्रथम त्यांना माझ्या शिक्षणाची आठवण करून दिली. दहावीनंतर मी कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागलो. पुढे जे काही शिकलो ते रात्रपाळीच्या जेवणाच्या सुटीत, रद्दीच्या दुकानांतल्या पुस्तकांतून आणि, खरे सांगायचे तर, माझ्याहून निम्म्या वयाच्या मुलांना प्रश्न विचारून त्रास देऊन. यावर चिटणीस म्हणाले, "पण तुम्ही संघटनेसाठी अ‍ॅप करताना दोनदा फसलात ना? तेच सांगा की." या कामी मी फसलो आहे खरा. तेव्हा त्याच अधिकाराने आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम गरज काय होती ते सांगतो. आमच्या संघटनेत घरकाम करणाऱ्या स्त्रिया आहेत. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. परंतु कारखान्यातील कामगाराला जे हजेरीपत्रक असते, ते या बाईला नाही. चार घरी काम, चार निरनिराळे पगार, कोठे खाडे कापतात, कोठे कापत नाहीत, कोठे सणाला उचल घेतलेली. महिनाअखेर हिशेबाला बसले की मालकीणबाईंची आठवण आणि मोलकरणीची आठवण यांत तफावत पडते, आणि अशा वेळी कोणाची आठवण प्रमाण धरली जाते हे मी सांगायला नको. रोज कोणत्या घरी गेले, कोठे खाडा झाला, उचल किती उरली, एवढे प्रत्येकीने आपल्या फोनमध्ये टिपावे आणि त्याची एक प्रत संघटनेकडे यावी, अशी आमची साधी कल्पना होती. कल्पना साधी असली तरी कामाला हात घातल्याबरोबर पहिलाच प्रश्न समोर आला: हे अ‍ॅप नेटिव्ह करायचे की वेब?

'नेटिव्ह' हा शब्द आपल्या आजोबापणजोबांनी साहेबाच्या तोंडून निराळ्या अर्थाने ऐकला होता. येथे त्याचा अर्थ त्या त्या फोनच्या जातीचे, त्याच मातीतले अ‍ॅप. मी माझ्या समजुतीसाठी याला बिऱ्हाडकरू म्हणतो. प्ले स्टोअरमधून किंवा अ‍ॅप स्टोअरमधून त्याला बहुधा आणावे लागते, फोनमध्ये त्याला जागा द्यावी लागते, आणि एकदा बिऱ्हाड मांडले की तो तेथेच राहतो. घरातील कॅमेरा, माईक, ब्लूटूथ, दिशा आणि ठिकाण सांगणारी यंत्रणा ही सगळी त्याला परवानगीने पण थेट वापरता येतात. मात्र अँड्रॉइडचा बिऱ्हाडकरू आयफोनच्या घरात राहू शकत नाही. एकाची भाषा बहुधा कोटलिन किंवा जावा, दुसऱ्याची स्विफ्ट. दोन्ही घरी माणूस हवा असेल तर दोन माणसे घडवावी लागतात.

वेब अ‍ॅप हा पाहुणा. त्याचा मुक्काम दूरच्या संगणकावर असतो, त्याला एक पत्ता असतो, आणि तो पत्ता ब्राउझरमध्ये लिहिला की तो येतो, काम करतो आणि जातो. वेबच्या सर्वसामान्य भाषेत त्याला लिहिले की तो अँड्रॉइड, आयफोन, ग्रंथालयातील संगणक, कोणाच्याही दारी जातो. त्याच्यात सुधारणा करायची तर ती त्याच्या मुक्कामी एकदा केली की पुरे. हजार फोनांत हजार वेळा करावी लागत नाही. कारखान्याच्या गेटवरील फळा आणि वाटलेले पत्रक यांतला फरक माझ्या वयाच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. फळ्यावरील चूक रात्रीतून पुसता येते. पत्रकातील चूक लोकांच्या खिशात जाऊन बसते. पण पत्रक घरी नेऊन वाचता येते आणि फळा गेटवरच राहतो, हेही विसरू नये.

आम्ही २०१८ साली पहिले अ‍ॅप केले ते नेटिव्ह. का केले? कारण ज्याला काम दिले त्याने सांगितले की हल्ली सगळे असेच करतात, आणि कमिटीतल्या आम्हा सर्वांना प्ले स्टोअरमध्ये संघटनेचे नाव दिसणार याची हौस वाटली. वर्गणीच्या पैशांतून काम झाले. उद्घाटनाला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी वस्तीत गेलो, तेव्हा निम्म्याहून अधिक बायांच्या फोनमध्ये अ‍ॅप उतरेचना. एक मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यात आता काय बी मावत नाही. नातवाचे फोटो काढून टाक म्हणतोय. ते मी काढायची नाही, आधीच सांगते." दुसरीचा फोन म्हणजे मुलाने नवा घेतला तेव्हा खाली आलेला जुना, त्यातील अँड्रॉइडची आवृत्ती आमच्या अ‍ॅपला चालत नव्हती. तिसरीला स्टोअरमध्ये जाण्यासाठी लागणारे खाते मुलाच्या नावावर, आणि मुलगा कामानिमित्त परगावी. फोन हे एक यंत्र आहे असे आम्ही कमिटीत बसून गृहीत धरले होते. वस्तीत गेल्यावर कळले की ते घरातील वाटणीचे एक भांडे आहे, आणि त्यात काय ठेवायचे हे सुनेपासून नातवापर्यंत सगळे ठरवतात.

यापेक्षा मोठा फटका पुढे बसला. अँड्रॉइडचे अ‍ॅप तयार होते तेव्हा त्यावर करणारा एक सांकेतिक मोहोर उमटवतो. पुढची आवृत्ती त्याच मोहोरेची असेल तरच फोन तिला जुन्या आवृत्तीच्या जागी बसू देतो. यात गैर काहीच नाही. नाहीतर कोणीही आपल्या बँकेच्या अ‍ॅपवर आपले बनावट अ‍ॅप चढवील. पण आमच्या बाबतीत मोहोरही त्या करणाऱ्याकडे आणि स्टोअरमधील खातेही त्याच्याच नावावर. कामाच्या पैशांवरून वाद झाला, त्याने फोन उचलणे बंद केले, आणि आमचे अ‍ॅप होते तेथे गोठले. नवे करावे तर ते निराळे अ‍ॅप ठरणार, प्रत्येकीने ते पुन्हा उतरवून घ्यायचे, आणि जुन्यातील नोंदी नव्याला दिसणार नाहीत. ज्या संघटनेने आयुष्यभर 'हत्यारे कोणाच्या मालकीची' हा प्रश्न मालकांना विचारला, तिने तो स्वतःच्या कामात विचारला नव्हता. त्या माणसाचे नाव मी घेत नाही. करारात मोहोरेचा उल्लेख नव्हता आणि करारावर सही माझी होती.

ठेच लागल्यावर मी वाचायला बसलो. तेव्हा समजले की हा वाद आमच्यापुरता नाही. या फोनांच्या जन्मापासूनचा आहे. २००७ च्या जूनमध्ये आयफोन विक्रीला येण्याच्या तोंडावर स्टीव्ह जॉब्स यांनी बाहेरच्या कारागिरांना सांगितले होते की तुम्ही वेब अ‍ॅप करा, ती आमच्या ब्राउझरमध्ये चालतील. कारागिरांचे त्यावर समाधान झाले नाही. वर्ष उलटले आणि १० जुलै २००८ ला अ‍ॅप स्टोअर उघडले. म्हणजे अ‍ॅपलने प्रथम पाहुण्यालाच आमंत्रण दिले होते, बिऱ्हाडकरू मागाहून आला. आणि तो असा आला की पाहुण्याची पुढे काही वर्षे कोणी विचारपूस केली नाही.

फेसबुकने उलट वाट धरून पाहिली. आपल्या अ‍ॅपच्या कवचात वेबची पाने दाखवायची, म्हणजे एकच काम सर्वत्र चालेल, असा तिचा हिशेब होता. पण पाने संथपणे सरकत, लोक वैतागत. ऑगस्ट २०१२ मध्ये तिने आयफोनचे अ‍ॅप नेटिव्ह पद्धतीने नव्याने लिहिले, आणि पुढच्याच महिन्यात मार्क झुकरबर्ग यांनी वेबवर अवाजवी भिस्त ठेवणे ही कंपनीची सर्वात मोठी चूक झाली, असे जाहीरपणे कबूल केले. त्यानंतर नेटिव्हचा एवढा बोलबाला झाला की आपल्याकडे २०१५ साली फ्लिपकार्टने आपले मोबाईलवरील संकेतस्थळ बंद केले, आणि मिंत्राने तर मे २०१५ मध्ये संगणकावरचेही. घ्यायचे तर अ‍ॅप घ्या! पण ग्राहकाच्या फोनमध्ये जागा कोठे आहे? त्याच्याही घरी नातवाचे फोटो आहेतच. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्लिपकार्टला 'फ्लिपकार्ट लाइट' या नावाने वेबवर परत यावे लागले, आणि मिंत्रा २०१६ मध्ये परतली. आमच्या मावशींनी मला जे फुकट सांगितले ते या कंपन्यांना बाजारात किंमत मोजून कळले. दुःख एवढेच की मी हे वाचले ते पेढे वाटल्यानंतर.

फ्लिपकार्ट परतली ती जुन्या रूपात नव्हे. मधल्या काळात पाहुणा बराच सुधारला होता. ब्राउझरमध्ये 'सर्व्हिस वर्कर' नावाची सोय आली. पान आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसणारा हा एक कारकून समजा. एकदा आलेली पाने तो कपाटात ठेवतो, जाळे नसले तर कपाटातून काढून देतो, आणि अ‍ॅप तशी लिहिली असेल तर तुम्ही भरलेली नोंद राखून जाळे आल्यावर पुढे पाठवतो. पाहुण्याचे चिन्ह फोनच्या पहिल्या पडद्यावर लावता येऊ लागले. अशा अ‍ॅपला २०१५ पासून 'प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप' म्हणू लागले. जागा किती कमी लागते याचा एक दाखला देतो: उबरने २०१७ साली हलक्या फोनांसाठी जे वेब अ‍ॅप काढले, त्याचा गाभा अवघा ५० किलोबाइटांचा होता. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला नातवाचा एक फोटो याच्या कित्येक पट भरतो.

आता दरवाजाविषयी बोलतो. कामगार चळवळीतल्या माणसाला गेटचे महत्त्व फार.

बिऱ्हाडकरूला फोनमध्ये शिरायचे तर बहुधा स्टोअरच्या गेटमधून जावे लागते. तेथे खाते उघडण्याची फी गूगलकडे एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. ही तर किरकोळ गोष्ट. अ‍ॅपमध्ये डिजिटल माल किंवा वर्गणी विकाल तर ३० टक्के कमिशन हा पुष्कळ वर्षे रिवाज होता. २०२१ पासून लहान विक्रेत्यांना तो १५ टक्क्यांवर आला. लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ला हा वाटा मान्य नव्हता, आणि आपला वाचक कोण हे स्टोअरवाल्याला ठाऊक आणि आपल्याला नाही, हे तर मुळीच मान्य नव्हते. त्या पत्राने २०११ साली स्वतःचे वेब अ‍ॅप काढले आणि स्टोअरमधून अंग काढून घेतले. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या धोरणांवरून गूगलला ९३६ कोटींवर दंड केला. अपील न्यायाधिकरणाने २०२५ मध्ये तो सुमारे २१७ कोटींवर आणला. मधल्या काळात, मार्च २०२४ मध्ये, फीच्या तंट्यावरून गूगलने काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप स्टोअरमधून काढली. त्यांत लग्ने जुळवणारी होती, नोकऱ्या शोधून देणारी होती. सरकारने मध्यस्थी केल्यावर ती काही दिवसांत परत आली. मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री धावून आले. आमच्या हजेरीवहीसाठी कोण येणार?

गेट नुसते पैशांसाठीच बंद होते असेही नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात हाँगकाँगमध्ये आंदोलन चालू असताना पोलीस कोठे आहेत हे लोकांच्या बातम्यांवरून नकाशावर दाखवणारे 'एचकेमॅप' हे अ‍ॅप अ‍ॅपलने आधी घेतले आणि चीनच्या सरकारी वृत्तपत्रातून टीका होताच काढून टाकले. त्याच नकाशाचा वेबवरील पत्ता मात्र त्यानंतरही उघडत राहिला. त्या अ‍ॅपचे समर्थन करावे की नाही हा येथे मुद्दा नाही. एकाच वस्तूचा बिऱ्हाडकरू गेटवर अडला आणि पाहुणा आत गेला, ही घटना मी कमिटीपुढे वाचून दाखवली.

याचा अर्थ वेबला दरवाजा नाही असा कोणी घेऊ नये. पत्त्यांवरही सरकार बंदी घालते. तो अधिकार आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ अ कलमात आहे. आणि पाहुणा ज्या ब्राउझरमधून येतो तो तरी कोणाचा? आयफोनवर कोणताही ब्राउझर घ्या, त्याच्या पोटातील इंजिन अ‍ॅपलचेच असले पाहिजे, असा नियम अ‍ॅपलने वर्षानुवर्षे चालवला. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे २०२४ मध्ये तो तेथे सैल करावा लागला. त्या इंजिनात सर्व्हिस वर्करची सोय आली ती मार्च २०१८ मध्ये, आणि वेब अ‍ॅपला निरोप पाठवण्याची, ज्याला नोटिफिकेशन म्हणतात ती सोय, थेट मार्च २०२३ मध्ये. तीही चिन्ह पहिल्या पडद्यावर लावलेले असेल तरच. ज्याची कमाई स्टोअरवर आहे, त्याला पाहुण्याचे आदरातिथ्य करण्याची घाई नसते.

नेटिव्हची बाजू मी कमी लेखत नाही. जेथे यंत्राच्या अवयवांशी सतत काम आहे तेथे पाहुणा तोकडा पडतो. घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या मुलांचे अ‍ॅप घ्या. पडदा बंद असताना, फोन खिशात असताना तो मुलगा कोणत्या रस्त्यावर आहे हे त्या अ‍ॅपला समजते. वेबच्या पानाला ते समजत नाही, पान उघडे असेल तेवढ्यापुरतेच ठिकाण त्याला विचारता येते. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय आहे. त्या मुलाच्या दृष्टीने तो खिशात बसलेला मुकादम आहे. म्हणून माझ्याकडे अशा मुलांची तक्रार आली की मी पहिल्यांदा फोन मागतो आणि अ‍ॅपने कोणकोणत्या परवानग्या घेतल्या आहेत ते त्यांच्याबरोबर बसून पाहतो. बिऱ्हाडकरूला घराच्या किती खोल्या दिल्या आहेत हे मालकालाच ठाऊक नसते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आणि फोन कोणाचा, कसा, हा प्रश्न तर दोन्ही पक्षांना आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन वारंवार बिघडत, त्यांची स्मरणशक्ती नव्या कामाला पुरत नसे, आणि ज्यात नोंदी भरायच्या ते 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप इंग्रजीत. हजारो फोन परत गेले. कोणी म्हणेल, वेब अ‍ॅप असते तर निभावले असते. फोनवरचा भार थोडा हलका झाला असता, पण इंग्रजी ते इंग्रजीच राहिले असते.

आता माझी दुसरी चूक. २०२१ मध्ये आमच्या एका सभासदबाईंच्या मुलाने, तो पॉलिटेक्निकला शिकत होता, आमचे वेब अ‍ॅप केले. सगळ्यांच्या फोनमध्ये चालले, मराठीत होते, आणि पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की उघडत होते. मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितले, "टिपून ठेवा, काही जाणार नाही." एका ताईंचे रिचार्ज संपले होते. तीन आठवडे त्या रोज इमानेइतबारे नोंद करत होत्या, आणि त्या नोंदी पुढे न जाता फोनमधल्या ब्राउझरच्या कपाटात साठत होत्या. फोन संथ चालतो म्हणून त्यांनी तो कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवला. दुकानदाराने सवयीने ब्राउझरमधला सगळा साठा पुसून दिला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. त्या महिन्यात एका घरी चार खाडे धरले गेले. ताई म्हणत होत्या दोनच. दाखवायला काही नव्हते, आणि दोन दिवसांचे पैसे गेले. त्या मला एवढेच म्हणाल्या, "भाऊ, वहीत लिहिलं असतं तर बरं झालं असतं." त्यावर मला उत्तर सुचले नाही.

पाहुण्याची पिशवी ब्राउझरच्या घरात असते आणि ब्राउझर झाडून काढला की ती जाते, हे मला ठाऊक असायला हवे होते. आयफोनवर तर २०२० पासून असा नियम आहे की ब्राउझर वापरात असूनही एखाद्या पानाला सात दिवस कोणी हात लावला नाही, तर त्याने साठवलेले आपोआप पुसले जाते. पहिल्या पडद्यावर चिन्ह लावलेल्या अ‍ॅपला तेवढी सूट आहे. नेटिव्ह अ‍ॅपचा साठाही काढून टाकता येतो, पण त्यासाठी त्या अ‍ॅपला नाव घेऊन हुसकावे लागते. ब्राउझरची साफसफाई होते ती सरसकट.

मग आम्ही पुन्हा नेटिव्हकडे गेलो का? कमिटीत दोन बैठका यावर गाजल्या. तरुण मंडळींचे म्हणणे, फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घ्या, एकदा लिहून दोन्ही जातींच्या फोनांना चालते. ते खरे आहे; पहिले गूगलचे, दुसरे फेसबुकचे, आणि दोन्हींवर मोठमोठी कामे उभी आहेत. परंतु त्याने लिहिण्याचा खर्च वाचतो, गेट आणि जागा हे दोन्ही प्रश्न राहतातच. आमच्या अ‍ॅपला पडद्यामागे फिरायचे नाही, ब्लूटूथ नको, ठिकाण तर मुद्दामच नको. बाई कोणत्या इमारतीत किती वाजता होती हे संघटनेलाही कळण्याचे कारण नाही. तारीख, घर, खाडा, उचल. एवढ्यासाठी बिऱ्हाड थाटण्याची गरज नाही, असे ठरले. उद्या कारखान्यातील आवाज किंवा उष्णता फोनने दिवसभर मोजून ठेवायची असेल तर मी स्वतः नेटिव्हच्या बाजूने हात वर करीन.

वेब अ‍ॅप ठेवले, पण त्यात फेरफार केले. पाठवायच्या बाकी राहिलेल्या नोंदींचा आकडा आता पडद्याच्या माथ्यावर लाल रंगात मोठा दिसतो. नोंद पुढे गेली की त्याची पोच येते, ती आल्याशिवाय 'झाले' असे अ‍ॅप म्हणत नाही. दर रविवारच्या बैठकीत एक कार्यकर्ता आपल्या फोनवरून सगळ्यांना इंटरनेट देतो, आणि चहा होईपर्यंत सगळ्यांचे लाल आकडे शून्यावर येतात. ज्यांना हवी त्यांना आम्ही कागदी वहीही देतो. त्या ताई वहीच वापरतात, आणि त्यांची मुलगी शनिवारी त्यावरून अ‍ॅपमध्ये उतरवते.

राहिला मालकीचा प्रश्न. वेब अ‍ॅपला मोहोर लागत नाही, पण पत्ता लागतो, आणि पत्त्याचे भाडे मुदतीत भरले नाही तर तो दुसरा कोणीही घेऊ शकतो. आमचा पत्ता आता संघटनेच्या नावावर आहे. त्याच्या किल्ल्या खजिनदार आणि चिटणीस अशा दोघांकडे असतात, आणि पदाधिकारी बदलले की त्या दप्तराबरोबर सुपूर्द करायच्या, असा ठराव प्रोसिडिंग बुकात लिहिला आहे. नूतनीकरणाची तारीख कचेरीच्या भिंतीवरील कॅलेंडरात, वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या तारखेशेजारी, लाल शाईने गोल करून ठेवली आहे.